खासगी नामांची गळती

प्रोग्रामिंग भाषांच्या संदर्भात, एखाद्या मॉड्यूलने केवळ स्वतःच्या अंतर्गत कामासाठी ठेवलेले नाम त्या मॉड्यूलच्या सीमेबाहेर दिसू लागणे आणि इतरांनी ते वापरू लागणे, यास खासगी नामांची गळती असे म्हणतात. असे नाम चलाचे, फंक्शनचे, वर्गाचे किंवा प्रकाराचे असू शकते. गळती झाली म्हणून प्रोग्राम सहसा बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालत राहतो, आणि म्हणूनच ती बराच काळ लक्षात येत नाही. तिचा परिणाम पुढे जाणवतो. मॉड्यूलचा कर्ता आपल्या आतल्या रचनेत बदल करतो तेव्हा त्याने कधी न पाहिलेले, त्याला ठाऊकही नसलेले प्रोग्राम मोडतात. असे वारंवार घडले की कर्ता बदल करणेच टाळू लागतो आणि खासगी म्हणून ठेवलेली गोष्ट व्यवहारात सार्वजनिक होऊन बसते.

सी, सी++, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, गो, रस्ट अशा बहुतेक प्रचलित भाषांत ही समस्या कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते. प्रत्येक भाषेने सीमा राखण्याची पद्धत वेगळी ठेवल्यामुळे गळतीचे मार्गही वेगवेगळे आहेत.

संज्ञा

मराठी व्याकरणात वस्तू, व्यक्ती किंवा गुण यांच्या नावाला नाम म्हणतात. प्रोग्रामिंगमधील 'नाम' याहून व्यापक आहे. प्रोग्राममधील कोणताही घटक ओळखण्यासाठी दिलेला शब्द म्हणजे नाम. 'शोधा' किंवा 'छापा' अशी व्याकरणदृष्ट्या आज्ञार्थी क्रियापदे फंक्शनला दिली तरी ती येथे नामेच ठरतात. मॉड्यूल म्हणजे परस्परसंबंधित नामांचा एकत्र ठेवलेला संच. काही भाषांत एक फाईल म्हणजे एक मॉड्यूल असते, तर काहींत अनेक फाईली मिळून एक. मॉड्यूलने बाहेरच्यांसाठी खुल्या केलेल्या नामांना 'निर्यात' केलेली नामे म्हणतात आणि दुसऱ्या मॉड्यूलने ती घेणे म्हणजे 'आयात'. जी नामे निर्यात केलेली नाहीत ती खासगी.

'खासगी' हा शब्द येथे 'गुप्त' या अर्थाने घेतल्यास गैरसमज होतो. होळकर राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' अशी महसुलाची दोन वेगळी खाती असत. खासगीचे अस्तित्व कोणापासून लपवलेले नव्हते; त्यावर हक्क कोणाचा एवढाच प्रश्न होता. प्रोग्राममधील खासगी नामाचेही असेच असते. मुक्तस्रोत प्रोग्रामचा सारा मजकूर कोणालाही वाचता येतो. बंधन वाचण्यावर नसून विसंबण्यावर आहे: हे नाम उद्या बदलेल किंवा नाहीसे होईल, आणि त्याबद्दल कोणाला कळवण्यास कर्ता बांधील नाही, एवढाच 'खासगी'चा अर्थ.

सीमेचे प्रयोजन

मॉड्यूलची सीमा कोठे आखावी याचा मूलभूत विचार डेव्हिड पार्नास यांनी डिसेंबर १९७२ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकातील लेखात मांडला. त्यांनी शब्दसूची तयार करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामची दोन प्रकारे विभागणी करून दाखवली. पहिल्या विभागणीत कामाच्या पायऱ्यांप्रमाणे मॉड्यूले पाडली होती: आधी वाचणे, मग फिरवणे, मग क्रम लावणे, शेवटी छापणे. दुसऱ्या विभागणीत प्रत्येक मॉड्यूलकडे पुढे बदलू शकेल असा एकेक निर्णय सोपवला होता आणि तो निर्णय इतरांपासून झाकलेला होता. माहिती साठवण्याची पद्धत बदलायची झाल्यास पहिल्या विभागणीत जवळजवळ सर्व मॉड्यूलांना हात लावावा लागे, दुसरीत एकालाच. या तत्त्वाला 'माहिती झाकणे' असे म्हटले जाते. जे बदलण्याचा संभव आहे ते झाकावे, हा त्याचा गाभा.

काय बदलेल याचा अंदाज मात्र नेहमीच बांधता येतो असे नाही. जिल्ह्यांची यादी ही सर्वसामान्यपणे स्थिर मानली जाणारी बाब. ब्रिटिशकालीन खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. त्यांची मुख्यालये अनुक्रमे जळगाव आणि धुळे येथे होती. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर हे जिल्हे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. एका शतकाच्या आत एकाचे तीन जिल्हे झाले, आणि 'खानदेश' हे नाव शासकीय यादीतून जाऊनही लोकांच्या तोंडी राहिले.

समजा, 'खानदेश' नावाचे एक मॉड्यूल आहे. त्यात '_तालुके' ही खासगी यादी असून तिच्यात 'जळगाव' आणि 'धुळे' या दोन शीर्षकांखाली तालुक्यांची नावे आहेत. बाहेरच्यांसाठी 'जिल्हा_सांगा' हे एकच फंक्शन खुले आहे. त्याला तालुक्याचे नाव दिले की ते जिल्ह्याचे नाव परत देते. पावसाचा अहवाल बनवणाऱ्या दुसऱ्या एका प्रोग्रामच्या कर्त्याला पश्चिम खानदेशातील सर्व तालुके एकदम हवे असतात. तसे फंक्शन नाही, म्हणून तो सरळ '_तालुके' या यादीतील 'धुळे' हा भाग उचलतो. त्यात साक्री, शिरपूर आणि शिंदखेड्याबरोबर शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा आणि अक्राणीही असतात. अहवाल बरोबर येतो. काम भागते.

नंदुरबार जिल्हा झाल्यावर 'खानदेश' मॉड्यूलचा कर्ता आपल्या यादीत तिसरे शीर्षक घालतो आणि सहा तालुके तिकडे हलवतो. हा बदल पूर्णपणे त्याच्या अधिकारातला आहे. 'जिल्हा_सांगा' फंक्शन शहाद्याचा जिल्हा आता नंदुरबार असे बिनचूक सांगते, आणि ते वापरणाऱ्या कोणाच्याही प्रोग्राममध्ये एक ओळही बदलावी लागत नाही. पावसाच्या अहवालात मात्र 'धुळे' या शीर्षकाखाली आता चारच तालुके उरतात. कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही. बेरीज येते, ती नीट छापली जाते, आणि पश्चिम खानदेशात पाऊस एकाएकी घटल्याचे दिसते. सातपुड्यातील अक्राणीचा पाऊस कोणत्याच बेरजेत नसतो. प्रोग्राम मोडला असता तर दोष त्याच दिवशी सापडला असता. तो न मोडता चुकीचे उत्तर देत राहतो, हा गळतीचा अधिक घातक प्रकार होय.

या उदाहरणात दोष कोणाचा, यावर दोन मते संभवतात. खासगी यादीला हात लावणाऱ्याने नियम मोडला हे खरे. पण त्याला हवी असलेली गोष्ट मिळण्यासाठी मॉड्यूलने एकही अधिकृत मार्ग ठेवला नव्हता, हेही तितकेच खरे. प्रत्यक्ष इतिहासातील बहुतेक मोठ्या गळत्यांमागे ही दुसरी बाजू आढळते.

सी आणि सी++

बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी घडवलेल्या सी भाषेत मॉड्यूल अशी स्वतंत्र सोय नाही; फाईल हीच सीमा. फंक्शनच्या बाहेर घोषित केलेले प्रत्येक नाम आपोआप सर्व फाईलींना खुले असते आणि ते खासगी करायचे असल्यास त्यापुढे 'स्टॅटिक' हा शब्द लिहावा लागतो. म्हणजे येथे गळती हाच मूळ नियम आणि बंदिस्तपणा हा अपवाद. 'स्टॅटिक' लिहायला विसरल्यास कंपायलर तक्रार करत नाही. दोन फाईलींत 'बेरीज' नावाचे फंक्शन असल्यास दोष कळतो तो जोडणीच्या टप्प्यावर, तोही नशीब चांगले असेल तर. लिनक्ससारख्या प्रणालींवर सामायिक लायब्ररींत अशी दोन नामे आली की सामान्यतः शोधक्रमात आधी येणारे नाम सर्वांसाठी लागू होते, आणि दुसऱ्या लायब्ररीतील फंक्शने आपल्याच घरचे समजून परक्याचे 'बेरीज' बोलावतात. विंडोजवर नियम उलट आहे: तेथे लायब्ररीतील नाम स्पष्टपणे निर्यात केल्याखेरीज बाहेर दिसत नाही. जीसीसी या कंपायलरच्या २००५ मधील ४.० आवृत्तीने सर्व नामे झाकलेली ठेवून निवडक तेवढीच उघडण्याचा पर्याय लिनक्सवरही आणला.

मॅक्रोंची गळती याहून वेगळी असते. सी भाषेतील मॅक्रो म्हणजे कंपायलरने वाचण्यापूर्वीच मजकुरात केलेली शब्दांची अदलाबदल. तिला व्याप्ती, वर्ग, नामावकाश यांपैकी कशाचेच भान नसते. विंडोजच्या मुख्य हेडर फाईलमध्ये 'मिन' आणि 'मॅक्स' या नावांचे मॅक्रो आहेत. ती फाईल समाविष्ट करताच सी++ च्या प्रमाण लायब्ररीतील त्याच नावांची फंक्शने वापरणारा, वरवर निर्दोष दिसणारा मजकूर कंपाईल होईनासा होतो आणि येणारा त्रुटीसंदेश मूळ कारणाचा पत्ताही लागू देत नाही. हे मॅक्रो टाळण्यासाठी 'नोमिनमॅक्स' नावाची खूण आधी जाहीर करावी लागते. सी++ ने २०२० च्या प्रमाणात खऱ्या अर्थाची मॉड्यूले स्वीकारली. अशा मॉड्यूलमधून मॅक्रो बाहेर पडत नाहीत.

निर्यातीची स्पष्ट यादी देण्याची कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. निकलाउस विर्थ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात घडवलेल्या मॉड्यूला-२ भाषेत प्रत्येक मॉड्यूलचे 'व्याख्या' आणि 'अंमलबजावणी' असे दोन स्वतंत्र भाग असत, आणि बाहेरच्यांना फक्त पहिला दिसे.

पायथन

गुइडो वान रोसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेत खासगीपणा हा संकेत आहे, सक्ती नव्हे. नामाच्या आरंभी एक अंडरस्कोर ('_तालुके') असल्यास ते खासगी समजावे, असा शिष्टाचार. मॉड्यूलमधील सर्व नामे तारांकनाने एकदम आयात केली तर अशी नामे वगळली जातात. पण नाव घेऊन मागितल्यास ती विनातक्रार मिळतात. वर दिलेल्या उदाहरणातील गळती पायथनमध्ये एका ओळीत होऊ शकते.

विद्यार्थ्यांचा नेहमी होणारा एक गोंधळ दोन अंडरस्कोरांविषयी आहे. 'बाजार' या वर्गात '__दर' असे नाम लिहिल्यास पायथन ते आतल्या आत '_बाजार__दर' असे बदलते. हे कुलूप आहे अशी समजूत आढळते. ती चूक आहे. बदललेले नाव कोणालाही लिहिता येते. उपवर्गाने नकळत तेच नाव वापरल्यास दोघांची गाठ पडू नये, एवढाच त्याचा हेतू. उलटपक्षी, अंडरस्कोर असलेले प्रत्येक नाम खासगी असते असेही नाही. 'नेम्डटपल' या प्रमाण सुविधेतील '_रिप्लेस' आणि '_फील्ड्स' ही नामे अधिकृतपणे सार्वजनिक आहेत. वापरणाऱ्याने स्वतःच्या रकान्यांना दिलेल्या नावांशी टक्कर होऊ नये म्हणून त्यांना अंडरस्कोर जोडलेला आहे. एकाच चिन्हाचे असे तीन अर्थ होणे ही पायथनमधील संकेताची उघड दुर्बलता मानावी लागते.

पायथनमध्ये आणखी एक गळती अशी आहे की जी नवशिक्यांच्या लक्षातही येत नाही. मॉड्यूलने स्वतःच्या कामासाठी आयात केलेले प्रत्येक नाम त्याच्या स्वतःच्या नामांत जमा होते. 'खानदेश' मॉड्यूलने गणितासाठी 'मॅथ' आयात केले असेल, तर दुसऱ्या प्रोग्रामला 'खानदेश.मॅथ' असे लिहून ते खानदेशमार्फत मिळते. पुढे कर्त्याला गणिताची गरज उरली नाही आणि त्याने ती ओळ काढली, की उसनवारीवर चालणारा तो दुसरा प्रोग्राम बंद पडतो. अशा आयात नामांना अंतर्गत तपशील समजावे, असे पायथनच्या लेखनशैलीची अधिकृत मार्गदर्शिका सांगते. ती 'ऑल' नावाच्या विशेष यादीत सार्वजनिक नामे स्पष्टपणे नोंदवण्याचाही सल्ला देते. या यादीने तारांकित आयातीवर नियंत्रण येते. थेट नाव घेऊन मागणाऱ्याला ती अडवत नाही.

हा संकेत किती ताणला जाऊ शकतो हे २०२३ मध्ये दिसले. पायथनच्या ३.१३ आवृत्तीची तयारी चालू असताना सी भाषेतून वापरता येणारी, अंडरस्कोरने सुरू होणारी अनेक अंतर्गत फंक्शने काढून टाकण्यात आली. ती खासगी होती याविषयी वाद नव्हता. तरीही त्यांवर विसंबलेले बाहेरचे प्रकल्प मोडू लागले आणि त्यांतील काही फंक्शने अंतिम आवृत्तीपूर्वी परत ठेवावी लागली.

जावा

जावामध्ये आरंभापासून 'प्रायव्हेट', 'प्रोटेक्टेड' आणि 'पब्लिक' असे शब्द आहेत आणि त्यांची अंमलबजावणी कंपायलर करतो. तरीही खासगी नामांच्या गळतीचे बहुधा सर्वांत खर्चिक उदाहरण याच भाषेत घडले. कारण सीमा आखण्याची पातळीच अपुरी होती. वर्ग एका पॅकेजपुरता मर्यादित ठेवता येत असे किंवा साऱ्या जगाला खुला करता येत असे. अधले काही नव्हते. एका मोठ्या लायब्ररीच्या दोन पॅकेजेसना परस्परांचा वर्ग वापरायचा असेल, तर तो 'पब्लिक' करणे भाग पडे आणि मग तो सर्वांनाच दिसे.

जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही हेच झाले. 'सन' या शब्दाने सुरू होणारी पॅकेजेस अंतर्गत वापरासाठी होती आणि ती थेट वापरू नयेत असा इशारा निर्मात्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने दिलेला होता. पण तांत्रिक अडसर नव्हता. मजकुराचे बेस-६४ पद्धतीने संकेतन करण्यासाठी जावाच्या प्रमाण लायब्ररीत बराच काळ सोयीस्कर सार्वजनिक वर्ग नव्हता. तो २०१४ मधील जावा ८ मध्ये आला. तोवर अनेक प्रोग्रामर 'सन.मिस्क' या अंतर्गत पॅकेजमधील वर्ग वापरत राहिले. त्याच पॅकेजमधील 'अनसेफ' नावाचा वर्ग तर स्मृतीशी थेट व्यवहार करू देत असल्याने वेगाच्या मागे असलेल्या असंख्य लायब्ररींचा आधारस्तंभच बनला. नावातच 'असुरक्षित' असा स्पष्ट इशारा असूनही त्याचा उपयोग झाला नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ सोबत मॉड्यूल व्यवस्था आली. आता मॉड्यूलने कोणती पॅकेजेस निर्यात केली हे स्पष्ट लिहावे लागते आणि बाकीची 'पब्लिक' असली तरी बाहेर दिसत नाहीत. बेस-६४ चा जुना अंतर्गत वर्ग काढून टाकण्यात आला. पण सारे दरवाजे एकदम लावणे शक्य नव्हते. जावा ९ मध्ये जुन्या अंतर्गत पॅकेजेसच्या आत रिफ्लेक्शनने शिरू पाहणाऱ्या प्रोग्रामला इशारा देऊन प्रवेश दिला जाई. मार्च २०२१ मधील जावा १६ मध्ये मूळ नियम नकाराचा झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जावा १७ ने सवलतीचा तो पर्यायच मोडीत काढला. 'अनसेफ' वर्गाला मात्र यातही हात लावता आला नाही; तो 'असमर्थित' अशा नावाच्या एका वेगळ्या मॉड्यूलमधून खुला ठेवावा लागला. त्याच्या कामांना अधिकृत पर्याय टप्प्याटप्प्याने देण्यात आले, त्यांतील स्मृतिव्यवहाराचा नवा पर्याय मार्च २०२४ मधील जावा २२ मध्ये स्थिर झाला. त्यानंतरच, सप्टेंबर २०२४ च्या जावा २३ मध्ये, 'अनसेफ'मधील स्मृतीविषयक फंक्शने पुढे काढली जाणार असल्याचे अधिकृतपणे नोंदवण्यात आले.

नाम झाकलेले, वस्तू उघडी

नाम बाहेर न जाताही ते ज्या वस्तूकडे निर्देश करते ती वस्तू बाहेर जाऊ शकते. 'खानदेश' मॉड्यूलने 'सर्व_तालुके' असे सार्वजनिक फंक्शन दिले आणि त्याने यादीची प्रत न देता मूळ यादीच परत केली, तर घेणारा तिच्यातून एखादा तालुका खोडू शकतो. आणि तो सर्वांसाठीच खोडला जातो. '_तालुके' हे नाम कोणी उच्चारलेलेही नसते.

१९९७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी जेडीके १.१.१ मधील असा एक दोष दाखवून दिला. एखाद्या वर्गावर कोणाच्या डिजिटल स्वाक्षऱ्या आहेत हे सांगणारे 'गेटसाइनर्स' हे फंक्शन त्या स्वाक्षऱ्यांची अंतर्गत यादी जशीच्या तशी हाती देत होते. ती यादी बदलून इंटरनेटवरून आलेले अविश्वसनीय ॲप्लेट स्वतःला विश्वासू स्वाक्षरीकर्त्याचे म्हणून मिरवू शकत असे. ज्या चलात ती यादी होती ते चल 'प्रायव्हेट' असूनही त्याचा उपयोग झाला नाही. परत देताना यादीची प्रत काढणे, एवढाच या दोषावरचा उपाय होता.

प्रकारांची गळतीही याच जातीची. सार्वजनिक फंक्शनने खासगी प्रकाराचे मूल्य परत केले, तर घेणाऱ्याच्या हाती अशी वस्तू येते की जिचे नाव त्याला लिहिता येत नाही. सी# मध्ये कंपायलर अशी रचना नाकारतो. हास्केलमध्ये ती चालते, आणि काही वेळा मुद्दामही वापरली जाते.

प्रतिबंध

भाषांची एकंदर वाटचाल संकेताकडून सक्तीकडे झालेली दिसते. जावास्क्रिप्टमध्ये पूर्वी स्क्रिप्टच्या सर्वांत वरच्या पातळीवर घोषित केलेले चल पृष्ठावरील सर्व स्क्रिप्टांना दिसे. २०१५ च्या प्रमाणात मॉड्यूले आली आणि २०२२ च्या प्रमाणात '#' चिन्हाने सुरू होणारी खासगी नामे वर्गांत आली. ती वर्गाबाहेरून कोणत्याही मार्गाने वाचता येत नाहीत. रस्टमध्ये नाम सामान्यतः मुळात खासगी असून 'पब' हा शब्द लिहिला तरच ते खुले होते. लिनक्सच्या गाभ्यातही निर्यात केलेलीच नामे बाहेरील मॉड्यूलांना मिळतात. कोणत्याही नामावरून त्याचा पत्ता शोधून देणारे एक फंक्शन २०२० मधील ५.७ आवृत्तीत निर्यातीतून वगळण्यात आले, कारण त्याच्या आधारे इतर सर्व बंधने ओलांडली जात होती.

सक्तीलाही मर्यादा आहेत. अभियंता हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम असे सांगतो की, वापरणारे पुरेसे असले की प्रणालीच्या दिसणाऱ्या प्रत्येक वर्तनावर कोणीतरी विसंबतेच, मग त्याची हमी दिलेली असो वा नसो. उत्तराचा क्रम, त्रुटीसंदेशाचे शब्द, लागणारा वेळ यांना नामच नसते. ते झाकण्यासाठी कोणत्याही भाषेत शब्द नाही. चाचण्या लिहिणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी: त्यांना आतील भाग तपासायचा असतो, आणि म्हणून त्यांच्यासाठी खास वाट ठेवावी लागते. सी# मध्ये ठरावीक असेंब्लीला अंतर्गत नामे पाहू देण्याची अशी सोय आहे.

देवनागरी नामे

बहुतेक भाषांत खासगीपणाची खूण लिपीशी निगडित नसते. पायथनच्या तिसऱ्या पिढीपासून देवनागरीत नामे लिहिता येतात आणि वर दिलेली '_तालुके' किंवा 'जिल्हा_सांगा' ही नामे तेथे जशीच्या तशी चालतात.

गूगलमध्ये घडलेल्या आणि २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेत मात्र लिपीच सीमा ठरवते. तेथे नामाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले असेल तर ते निर्यात होते, लहान असेल तर खासगी राहते. रोमन लिपीपुरती ही युक्ती सुटसुटीत आहे. खुणेसाठी वेगळा शब्द लागत नाही आणि नाम पाहताच त्याचा दर्जा कळतो. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे हा भेदच नाही. परिणामी देवनागरीत लिहिलेले नाम गो भाषेत कधीच निर्यात होऊ शकत नाही. शिवाय नामात केवळ पूर्ण अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर चालत असल्याने मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त वगळले गेले आहेत. केळीच्या बाजारभावाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला 'दर' हे नाम वापरता येते, 'भाव' वापरता येत नाही, आणि 'केळी' तर नाहीच. जोडाक्षरांवर आणि मात्रांवर उभ्या असलेल्या भाषेसाठी ही अट जवळजवळ बंदीच होय. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत ही उणीव मान्य केलेली असून देवनागरीचा तेथे नावानिशी उल्लेख आहे. निर्यातीपुरता तात्पुरता उपाय म्हणजे नामाच्या आरंभी 'एक्स' हे मोठे रोमन अक्षर जोडणे. त्यामुळे 'दर' सीमेबाहेर जाऊ शकतो, पण 'भाव'ची अडचण तशीच राहते.

गोने दुसरीही एक सीमा ठेवली आहे. २०१४ मधील १.४ आवृत्तीत आलेल्या नियमानुसार 'इंटर्नल' नावाच्या फोल्डरमधील पॅकेज त्या फोल्डरच्या पालक वृक्षाबाहेरील प्रोग्रामला आयात करता येत नाही, मग त्यातील नामे कोणत्याही अक्षराने सुरू होत असोत.